आलेखावरून घातांकी फलनाचे समीकरण : आधी गुणोत्तर की आधी तळ?

जिनिंगचा_हिशेबनीस (चोपडा)

नमस्कार. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे. तिच्या शिकवणीत एका आलेखाची झेरॉक्स वाटली आणि त्या वक्राचे समीकरण शोधून आणायला सांगितले. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. चक्रवाढ व्याजाशी रोजचा संबंध असल्यामुळे ‘ठरावीक काळात ठरावीक पटीने वाढणे’ ही कल्पना मला नवी नाही, म्हणून मीच उत्साहाने तिच्याशेजारी बसलो आणि आता दोघेही अडकलो आहोत.

घातांकी फलनाचे रूप य = अ × ब^क्ष असे तिच्या वहीत आहे (टंकलेखनाच्या सोयीसाठी ^ ही खूण घातासाठी वापरतो). वक्र य-अक्षाला ७ वर छेदतो, म्हणून अ = ७ घेतले. पुढे तो (२, १६) या बिंदूतून जातो, म्हणून ७ × ब^२ = १६, आणि ब म्हणजे १६/७ चे वर्गमूळ, सुमारे १.५१२. येथपर्यंत सर्व सुरळीत वाटले. मात्र ताळा पाहिल्याशिवाय खाते बंद करायचे नाही ही माझी जुनी सवय असल्यामुळे मी क्ष = १ ठेवून पाहिले, तर उत्तर १०.५८ आले आणि आलेखावर तेथे स्पष्ट १० आहे. क्ष = ३ ला सूत्र २४.१९ देते, तर वक्र २८ वर आहे. दोन बिंदू जुळतात आणि बाकीचे जुळत नाहीत, असे का व्हावे?

अमळनेरचे_आबा (अमळनेर, निवृत्त शिक्षक)

हिशेबनीस, ताळा पाहिलात हे उत्तम केलेत. बहुतेक मुले दोन बिंदू मिळाले की वही मिटतात. कोणतेही दोन बिंदू (दोन्ही क्ष-अक्षाच्या वर, एकाखाली एक नसलेले) घेतले तरी त्यांतून अ × ब^क्ष या रूपाचा एक वक्र नेहमीच जातो, त्यामुळे त्या दोन बिंदूंचे जुळणे हा कसलाही पुरावा नाही. पुरावा तिसऱ्या आणि चौथ्या बिंदूपासून सुरू होतो.

माझा प्रश्न वेगळाच आहे. वक्र उजवीकडे कसा चढतो हे आपण सांगितलेत, पण डावीकडे तो कोठे जाऊन टेकतो, म्हणजे क्ष = −२, −३ येथे त्याची उंची किती दिसते, ते कृपया पाहून सांगावे.

जिनिंगचा_हिशेबनीस (चोपडा)

आबा, पट्टी लावून पाहिले. −१ वर साडेपाच, −२ वर पावणेपाच आणि −३ वर ४.४ च्या आसपास आहे. त्याच्या डावीकडे वक्र जवळजवळ आडवा होऊन कागदाच्या कडेपर्यंत तसाच जातो. क्ष-अक्षापर्यंत मात्र तो उतरत नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच उघड झाली. मुलीने मैत्रिणीकडून मूळ पानाचा फोटो मागवला, तर त्यात य = ४ या उंचीवर एक फिकट तुटक रेषा आहे. आमच्या झेरॉक्समध्ये ती उडून गेली होती. प्रतीची प्रत काढताना शाई संपत आली असावी.

अमळनेरचे_आबा (अमळनेर, निवृत्त शिक्षक)

सगळे गणित त्या उडालेल्या रेषेतच होते.

त्या रेषेला अनंतस्पर्शी रेषा म्हणतात. वक्र तिच्या जवळ जवळ जात राहतो, पण तिला कधी गाठत नाही. वर्गात मी तिला सरळ ‘तळ’ म्हणत असे, आणि मुलांच्या तोंडी तोच शब्द बसला. य = अ × ब^क्ष या साध्या रूपात तळ क्ष-अक्षावरच असतो. आपल्या वक्राचा तळ ४ वर आहे, म्हणून समीकरणाचे रूप य = अ × ब^क्ष + क असे घ्यावे लागेल आणि त्यात क = ४ असेल.

आता सर्व उंच्या जमिनीपासून (क्ष-अक्षापासून) न मोजता तळापासून मोजा, म्हणजे प्रत्येक य मधून ४ वजा करा. ७, १०, १६, २८ यांचे ३, ६, १२, २४ होतात. हे पाहिल्यावर पाया, म्हणजे ब, २ आहे हे सांगायला आकडेमोडही लागत नाही. क्ष = ० ला तळापासूनची उंची ३ आहे, म्हणून अ = ३. समीकरण य = ३ × २^क्ष + ४. आपण दिलेले डावीकडचे बिंदूही तपासा : −१ ला ५.५, −२ ला ४.७५, आणि −३ ला ४.३७५, जे आपण डोळ्यांनी ४.४ वाचलेत.

आपल्या मुलीची रीत चुकलेली नव्हती. १६ भागिले ७ हे गुणोत्तर तिने जमिनीपासूनच्या उंच्यांचे काढले, आणि घातांकी वाढ मात्र तळापासूनच्या उंचीला होत असते. चक्रवाढीच्या भाषेत सांगायचे तर खात्यातील ४ रुपये बिनव्याजी पडून आहेत आणि व्याज केवळ ३ रुपयांवर चढते आहे. एकूण शिलकेला व्याजदर लावला तर तो दरवर्षी वेगळा निघणारच.

पांझराकाठची (धुळे, महाविद्यालयात गणित शिकवते)

आबांच्या उत्तरात एक भर घालते, कारण तुटक रेषा नेहमीच छापलेली असते असे नाही, आणि कागदाच्या डाव्या कडेपर्यंत वक्र पुरेसा आडवा झालेला असतो असेही नाही. अशा वेळी तळ डोळ्यांनी अंदाजे ठरवण्याऐवजी फरक घ्यावेत.

सारख्या अंतरावरच्या क्ष-किमतींना ७, १०, १६, २८ या उंच्या आहेत. त्यांचे लागोपाठचे फरक ३, ६, १२. वजाबाकी करताना ‘+ ४’ आपोआप नाहीसा होतो, म्हणून तळ माहीत नसतानाही फरकांचे गुणोत्तर पायाच देते, येथे २. पाया मिळाला की पहिला फरक अ × (ब − १) इतका असतो, म्हणून अ = ३, आणि ७ मधून ३ गेले की ४ हा तळ उरतो. हेच एका सूत्रात हवे असेल तर सारख्या अंतरावरच्या तीन उंच्या प, फ, भ धरल्यास तळ = (प × भ − फ × फ) ÷ (प + भ − २ × फ). आपल्या बाबतीत (११२ − १००) ÷ (२३ − २०), म्हणजे १२ ÷ ३ = ४.

चौथा बिंदू मात्र सोडू नये. ७, १०, १६ हे तीनच आकडे हाती असतील तर त्यांतून एक परवलयही (वर्गसमीकरणाचा वक्र) नेमके जाते. त्याचे फरक ३, ६, ९ असे वाढतील आणि पुढची उंची २५ येईल. घातांकी वक्र २८ सांगतो, परवलय २५ सांगतो, आणि आलेखावर २८ आहे, म्हणूनच आपण ठामपणे घातांकी म्हणू शकतो.

बिंदू निवडताना वक्र चौकटीच्या नेमक्या कोपऱ्यावरून जेथे जातो तेच घ्यावेत. आणि य-अक्ष खरोखर ० पासून सुरू होतो का, हे आधी पाहावे. अक्षाच्या तळाशी नागमोडी खूण असेल किंवा पहिलाच आकडा ४ लिहिलेला असेल, तर तळ क्ष-अक्षावरच आहे असा भास होतो, आणि ही चूक पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुलेही करतात.

सातपुड्याचा_पायथा (यावल)

चर्चा वाचली, समजलीही. पण एक शंका आहे, ती शेतकऱ्याची समजावी. शिकवणीतल्या आलेखाला ३ × २^क्ष + ४ हे सूत्र आधी ठरवून मग वक्र काढलेला असतो, म्हणून सर्व काही पूर्णांकात सुटते. प्रत्यक्षातल्या आकड्यांना हे कितपत लागू पडते? लोकसंख्या घातांकी वाढते असे आम्हाला शाळेत शिकवले होते. जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३६,८२,६९० होती आणि २०११ साली ४२,२९,९१७. यावरून सूत्र काढले तर ते किती खरे मानावे?

पांझराकाठची (धुळे, महाविद्यालयात गणित शिकवते)

दहा वर्षांचे गुणोत्तर १.१४८६ येते. त्याचे दहावे मूळ सुमारे १.०१४, म्हणजे वर्षाला साधारण १.४ टक्के. सूत्र तयार होते, पण आबांनी वर सांगितले तेच येथेही खरे आहे : दोन बिंदूंतून असा वक्र नेहमीच जातो. पूर्ण भारताचे आकडे घेतले तर हे लगेच दिसते. १९९१ साली ८४.६४ कोटी, २००१ साली १०२.८७ कोटी आणि २०११ साली १२१.०९ कोटी. पहिल्या दशकाचे गुणोत्तर १.२१५, दुसऱ्याचे १.१७७. पाया स्थिर राहिलेला नाही, तो उतरतो आहे. फरक घेतले तर १८.२३ आणि १८.२२ कोटी, म्हणजे जवळजवळ सारखे. या वीस वर्षांपुरता हा आलेख सरळ रेषेच्या जास्त जवळ आहे. त्यामुळे ‘लोकसंख्या घातांकी वाढते’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा गुणोत्तरे काढून पाहिलेली बरी.

भुसावळचा_प्लॅटफॉर्म (भुसावळ)

यावलच्या दादांना प्रत्यक्षातले उदाहरण हवे असेल तर ते माझ्याकडे आहे. मागच्या मे महिन्यात भाच्याला न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम (वस्तू आणि भोवताल यांच्या तापमानातील फरक ठरावीक काळात ठरावीक पटीने घटतो) समजावण्यासाठी मी घरी प्रयोग केला होता, त्याची नोंद जपून ठेवली आहे. स्टीलच्या पेल्यात बिनदुधाचा गरम चहा घेतला, वर बशी झाकली, आणि बशीच्या फटीतून तापमापी आत सोडली. आरंभी ८८ अंश सेल्सिअस, १० मिनिटांनी ६८, २० मिनिटांनी ५६ आणि ३० मिनिटांनी ४९ ला किंचित कमी.

भाच्याने लगेच गुणोत्तर काढले : ६८ भागिले ८८ म्हणजे ०.७७३. त्याच गतीने पुढे गेल्यास १०० मिनिटांनी चहा पावणेसात अंशांवर आला पाहिजे होता! मे महिन्यात, भुसावळमध्ये, पंखा बंद असलेल्या स्वयंपाकघरात! आम्ही दोघेही पोट धरून हसलो. त्या खोलीचे तापमान ३८ होते आणि चहा काहीही केले तरी त्याखाली जाणार नव्हता.

आबांच्या भाषेत तळ ३८. तो वजा केला की ५०, ३०, १८ आणि सुमारे १०.८ उरतात. प्रत्येक दहा मिनिटांचे गुणोत्तर ०.६. तापमान = ३८ + ५० × ०.६^(मिनिटे ÷ १०).

अमळनेरचे_आबा (अमळनेर, निवृत्त शिक्षक)

वा! हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. बशी झाकलीत हेही योग्य झाले, कारण उघड्या चहाची वाफ सुरुवातीला पुष्कळ उष्णता घेऊन जाते आणि पहिली दहा मिनिटे उरलेल्या वक्राशी जुळत नाहीत.

भाच्याच्या चुकीतही शिकण्यासारखे आहे. जमिनीपासूनची गुणोत्तरे क्रमाने काढून पाहा : ०.७७, ०.८२, ०.८७. ती स्थिर नाहीत आणि हळूहळू १ कडे सरकत आहेत. उतरत्या वक्राची गुणोत्तरे अशी १ कडे चढताना दिसली की तळ वजा करायचा राहिला असावा, अशी शंका पहिली घ्यावी.

दर मिनिटाचा पाया हवा असेल तर ०.६ चे दहावे मूळ काढावे लागेल. गणकयंत्र हाताशी नसेल आणि लॉग टेबल असेल तर एका जुन्या खड्ड्याकडे लक्ष वेधतो. ०.६ चा लॉग ‘बार एक पॉइंट ७७८२’. मुले याला सरळ दहाने भागतात आणि बार कोठे ठेवावा हे न कळून काहीही लिहितात. बार म्हणजे फक्त पूर्णांक ऋण, अपूर्णांक धन. म्हणून त्याला आधी −१० + ९.७७८२ असे लिहावे, मग दहाने भागावे. बार एक पॉइंट ९७७८ मिळते, आणि त्याचा अँटिलॉग ०.९५०२. मिनिटागणिक चहा आणि खोली यांतील अंतर पाच टक्क्यांनी घटते. ते अंतर निम्मे होण्यास साडेतेरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. पुस्तकात हेच सूत्र ई (सुमारे २.७१८) या पायावर, ५० × ई^(−०.०५११ × मिनिटे) + ३८ असे दिसले तर गोंधळू नये. वक्र तोच आहे, फक्त ०.९५०२ चा नैसर्गिक लॉग घातांकात जाऊन बसला आहे.

पांझराकाठची (धुळे, महाविद्यालयात गणित शिकवते)

भुसावळच्या नोंदीवर माझे तीन उंच्यांचे सूत्र चालवून पाहिले. ८८, ६८, ५६ : (४९२८ − ४६२४) ÷ (१४४ − १३६) = ३०४ ÷ ८ = ३८. खोलीचे तापमान न विचारता केवळ चहाकडून कळले.

पण लगेच सावधही करते. समजा, २० मिनिटांनी तापमापी ५६ ऐवजी ५७ वाचली गेली. मग (५०१६ − ४६२४) ÷ (१४५ − १३६) = ३९२ ÷ ९, म्हणजे ४३.६. वाचनात एका अंशाची चूक आणि तळात साडेपाच अंशांची! छेदात दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी आहे, म्हणून हे सूत्र इतके नाजूक आहे. तीन बिंदू शक्य तितके दूर दूर घेतले तर छेद मोठा होतो आणि चूक आटोक्यात राहते. आणि तळ स्वतंत्रपणे मोजता येत असेल, जसे येथे भिंतीवरच्या तापमापीवर दिसते, तर तो मोजूनच घ्यावा.

वाचने अनेक असतील तर अर्ध-लॉग कागद वापरावा. त्याच्या उभ्या अक्षावर १ ते १० आणि १० ते १०० यांना सारखीच जागा दिलेली असते. तळ वजा करून उरलेल्या उंच्या त्यावर मांडल्या की घातांकी वक्र सरळ रेषा होतो, आणि तिच्या चढावरून पाया मिळतो. तळ चुकला असेल तर रेषा वाकते. भुसावळच्या चहात ३८ ऐवजी ३० वजा करा, रेषेचे शेपूट वर उचललेले दिसेल. ४५ वजा करा, तेच शेपूट खाली कोसळेल.

सातपुड्याचा_पायथा (यावल)

शंका फिटली. मात्र दुसरी निघाली, तीही विचारतो. माझ्या पुतण्याने याच प्रकारच्या एका प्रश्नाचे उत्तर य = १.५ × २^(क्ष + १) + ४ असे लिहिले आणि त्याला शून्य गुण मिळाले, कारण उत्तरपत्रिकेत ३ × २^क्ष + ४ होते. तो दोन दिवस गप्प आहे.

अमळनेरचे_आबा (अमळनेर, निवृत्त शिक्षक)

त्याला सांगा की त्याचे उत्तर बरोबर आहे. २^(क्ष + १) म्हणजे २ × २^क्ष, आणि दीडाची दुप्पट तीन. घातांकी वक्राचा हा विशेषच आहे : तो डावीकडे सरकवणे आणि तळापासून उभा ताणणे या दोन वेगळ्या क्रिया नाहीत. वक्र एक घर डावीकडे सरकला आहे की दुपटीने ताणला गेला आहे, हे नुसत्या आलेखावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. परवलयाचे तसे नसते. तपासनिसाने दोन्ही सूत्रांत क्ष = ० ठेवून पाहिले असते तरी पुरे होते.

येथेच आणखी एक घोटाळा होतो, आणि तो आपल्याच मुलखाच्या नावाने सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला, इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख प्रसिद्धच आहे. त्याच भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करण्याचे वचन देतो. महिन्याभरात एकूण किती निष्क (त्या काळचे नाणे) दिले, असा प्रश्न आहे. मुलांना मी याचाच आलेख काढण्यास सांगत असे, आणि निम्मी मुले सूत्र २ × २^क्ष असे लिहीत, कारण ‘सुरुवात दोनने झाली’. परंतु अ ही क्ष = ० ची उंची असते, पहिल्या नोंदीची नव्हे. पहिला दिवस म्हणजे क्ष = १. वक्र मागे शून्यापर्यंत नेला तर तेथे १ मिळतो, म्हणून सूत्र नुसते २^क्ष. एका तिसाव्या दिवशीच १,०७,३७,४१,८२४ कवड्या द्याव्या लागतात. अ चुकवणाऱ्या मुलांच्या दात्याला त्याच्या दुप्पट!

जिनिंगचा_हिशेबनीस (चोपडा)

सर्वांचे आभार. हा धागा मुलीला वाचायला दिला. काल शिकवणीत दुसरा आलेख मिळाला. या वेळी वक्र डावीकडे खोल खाली जातो, उजवीकडे चढत चढत आडवा होतो, आणि (०, २), (१, ५), (२, ६.५) या बिंदूंतून जातो. तुटक रेषा मुळातच छापलेली नव्हती. मी म्हणालो, “याला तर तळच नाही.” ती म्हणाली, “बाबा, याला छत आहे.”

फरक ३ आणि १.५, म्हणून पाया अर्धा. धुळ्याच्या ताईंच्या सूत्राने (१३ − २५) ÷ (८.५ − १०), म्हणजे −१२ ÷ −१.५ = ८. छत ८ वर. क्ष = ० ला वक्र छताच्या ६ खाली आहे, म्हणून अ = −६. तिने य = ८ − ६ × (१/२)^क्ष असे लिहिले, मग माझ्याकडे न पाहता क्ष = ३ ठेवून ७.२५ काढले आणि आलेखावर पट्टी लावली. तेथे सव्वासातच होते.

भुसावळचा_प्लॅटफॉर्म (भुसावळ)

हाच वक्र फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीचा. छत खोलीच्या तापमानाचे. या मे महिन्यात तोही मोजून येथे टाकतो, भाचा येणार आहेच.